निकोलाय वाविलोव आणि सफरचंदाचे माहेर

शेतीच्या प्रश्नांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. जमीनधारणा, पाटबंधारे, खते, पतपुरवठा, हमीभाव या प्रत्येक विषयावर समित्या नेमल्या गेल्या आणि त्यांचे अहवालही निघाले. बियाण्याचा विचार मात्र बहुधा त्याच्या किमतीपुरताच होतो. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतदेखील बी हे खेळत्या भांडवलाच्या एका ओळीत उरकले जाते. परंतु त्या बीमध्ये हजारो वर्षांत साठत आलेले जे वैविध्य असते, ते कोणत्या खात्यात मांडायचे? त्याचे मूल्य आज शून्य भासते, आणि एखाद्या वर्षी एखादी बुरशी बदलून येते तेव्हा त्याला मोल राहत नाही. हा हिशेब ज्याने प्रथम स्पष्टपणे मांडला आणि त्यापायी ज्याला प्राणास मुकावे लागले, त्या रशियन शास्त्रज्ञाचे नाव निकोलाय इवानोविच वाविलोव.

वाविलोव यांचा जन्म मॉस्कोत १८८७ च्या नोव्हेंबरात झाला. वडील गरीब शेतकरी कुटुंबातले. लहान वयात शहरात येऊन कापडाच्या धंद्यात ते स्वकष्टाने वर आले होते. मुलाने व्यापार सांभाळावा म्हणून त्याला व्यापारी शिक्षणाच्या शाळेत घातले गेले. परंतु मुलाचा ओढा निसर्गविज्ञानाकडे होता. १९०६ मध्ये तो मॉस्कोच्या कृषिसंस्थेत दाखल झाला. धाकटा भाऊ सेर्गेई पुढे नामांकित पदार्थवैज्ञानिक झाला. रशियात दुष्काळ ही त्या काळी नवलाची गोष्ट नव्हती. १८९१ च्या भीषण दुष्काळाच्या आठवणी ताज्या असलेल्या देशात ही पिढी वाढली, आणि धान्याच्या प्रश्नाकडे ती केवळ प्रयोगशाळेतला प्रश्न म्हणून पाहू शकत नव्हती.

पदवीनंतर वाविलोव यांनी सेंट पीटर्सबर्गच्या उपयोजित वनस्पतिशास्त्र कचेरीत आणि बुरशीरोगांचा अभ्यास करणाऱ्या कचेरीत काही काळ उमेदवारी केली. त्यांचे पुढचे सर्व कार्य या दोन कचेऱ्यांच्या सांध्यावर उभे आहे, असे म्हटले तरी चालेल. पिकांवर तांबेरा पडतो, काणी पडते, भुरी पडते. पण एकाच शेतात एक वाण करपून जाते आणि शेजारचे दुसरे हिरवेगार राहते, हे शेतकऱ्याला फार पूर्वीपासून ठाऊक होते. असे का होते, याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. इंग्लंडमध्ये केंब्रिज येथील रोलंड बिफेन यांनी १९०५ मध्ये दाखवून दिले की, गव्हाची पिवळ्या तांबेऱ्याविरुद्धची प्रतिकारशक्ती मेंडेलच्या नियमांनुसार पिढ्यान् पिढ्या उतरते. म्हणजे ती हवामानाची कृपा नव्हे किंवा खताचा गुणही नव्हे. बीमध्ये वसणारे आणि संकराने एका वाणातून दुसऱ्यात नेता येणारे असे ते एक जनुक आहे. १९१३ साली वाविलोव इंग्लंडला गेले ते बिफेन आणि विल्यम बेटसन यांच्याजवळ हा विषय शिकण्यासाठीच.

तेथे त्यांनी शेकडो वाणांवर बुरशी सोडून निरीक्षणे केली. त्यांत इराणकडून आलेला एक गहू होता. त्याच्यावर भुरी पडेचना. इतर गव्हांशी त्याचा संकरही नीट जमत नव्हता. वाविलोव यांनी यावरून असा तर्क बांधला की, हा आपल्या नेहमीच्या गव्हाचा एखादा वाण नसून निराळी जातीच असली पाहिजे. पुढे गुणसूत्रांची मोजणी झाली, तेव्हा नेहमीच्या गव्हाची ४२ आणि याची २८ भरली. रोगाला बळी न पडणे हाच कुळाचा पुरावा ठरला! १९१९ मध्ये त्यांनी वनस्पतींच्या रोगप्रतिकारावर ग्रंथ लिहिला. त्यातील मुख्य विचार आजही या शास्त्राच्या पायाशी आहे. जी बुरशी नाना वनस्पतींवर उपजीविका करते तिच्याविरुद्ध अंगभूत प्रतिकार सहसा सापडत नाही. उलट जी एकाच जातीला चिकटून राहते तिच्याविरुद्ध तो हमखास कोठे ना कोठे असतो. आणि तो शोधायचा असेल तर पीक आणि त्याचा शत्रू हे दोघे जेथे दीर्घकाळ एकत्र नांदले, त्या प्रदेशात शोधला पाहिजे.

हा विचार फळझाडांना लावून पाहिला म्हणजे त्याची खोली कळते. सफरचंदावर 'स्कॅब' नावाचा बुरशीरोग पडतो. पानांवर आणि फळांवर काळसर खपल्या येतात, फळ तडकते, वेडेवाकडे होते आणि बाजारात त्याला भाव उरत नाही. ही बुरशी गळून पडलेल्या पानांत हिवाळा काढते, तेथेच तिचे नर-मादी संयोगाने पुनरुत्पादन होते, आणि वसंतातील पावसाबरोबर तिची बीजुके कोवळ्या पालवीवर जाऊन बसतात. म्हणजे दर वर्षी बुरशीची नवी पिढी, नव्या मिश्रणाची. आणि झाड? सफरचंद बियांपासून लावले तर आईबापासारखे निपजत नाही. चांगले झाड टिकवायचे तर त्याची कलमेच बांधावी लागतात. आपल्या हापूसचेही तसेच आहे, हे कोकणातल्या वाचकाला सांगावयास नको. त्यामुळे जगभरच्या बागांतील एका नावाची लक्षावधी झाडे ही वस्तुतः एकच झाड असते. शत्रू दर साल शस्त्रे बदलतो आणि आपला किल्ला मात्र शतकभर जागचा हलत नाही, अशी ही विषम लढाई आहे. बागाईतदार ती औषधांच्या फवारण्यांवर लढतो. पावसाळी मुलखात एका हंगामात दहा-पंधरा फवारण्या ही काही अपूर्वाई नव्हे. तो खर्च फळाच्या भावात चढतो, आणि विष मातीत उतरते.

बरे, या झाडात नवा प्रतिकार संकराने आणावा तर काळाची अडचण. रोपाला फळ धरायलाच पाच ते दहा वर्षे लागतात. रानटी झाडातून प्रतिकाराचे जनुक घ्यावे, तर त्याबरोबर बोरापेक्षा लहान, आंबट-तुरट फळाचा गुणही येतो. तो काढून टाकण्यासाठी चांगल्या वाणाशी पिढ्यामागून पिढ्या पुन्हा पुन्हा संकर करावा लागतो. गव्हात हे काम दहा-बारा वर्षांत होते. सफरचंदात संशोधकाचे आयुष्य संपते आणि काम शिष्याकडे जाते.

वाविलोव यांनी इराणचा पहिला दौरा १९१६ मध्ये केला, तोही एका बुरशीच्या निमित्ताने. तेथील रशियन फौजेतले सैनिक पाव खाऊन भोवळ येऊन पडत होते. गव्हात मिसळलेले विषारी तण आणि त्या तणाच्या दाण्यांतील बुरशी हे त्याचे कारण असल्याचे त्यांनी शोधून काढले, आणि तसेच पुढे पामीरच्या डोंगरांत बियाणी गोळा करीत गेले. क्रांतीच्या वर्षी ते सारातोवला प्राध्यापक झाले. तेथेच १९२० मध्ये त्यांनी समांतर वैविध्याचा आपला प्रसिद्ध नियम मांडला. नातलग जातींमध्ये सारख्याच गुणांची मालिका आढळते; म्हणून एका जातीत एखादा गुण दिसला, तर तिच्या भावंडांत तो असणार असे धरून शोधास लागावे, असा त्याचा आशय. त्यानंतर पेट्रोग्राडच्या उपयोजित वनस्पतिशास्त्र कचेरीची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि त्या लहानशा कचेरीची एक जगद्विख्यात संस्था बनली. १९२४ मध्ये अफगाणिस्तान, मग भूमध्य समुद्राभोवतालचे देश, इथिओपिया, चिनी तुर्कस्तान, जपान, मेक्सिको, दक्षिण अमेरिका असे हा माणूस खेचरांवर, घोड्यांवर, विमानातून आणि पायी हिंडला. १९२६ मध्ये त्यांनी लागवडीखालील वनस्पतींच्या उगमकेंद्रांचा सिद्धान्त प्रसिद्ध केला. पुढे त्यांनी मांडलेल्या केंद्रांच्या यादीत भात, ऊस, वांगे आणि आंबा यांचे घर म्हणून हिंदुस्थानचा समावेश आहे. १९४० पर्यंत संस्थेच्या भांडारात सुमारे अडीच लाख नमुने जमा झाले होते. एवढा बीजसंग्रह तोपर्यंत जगात कोणी केला नव्हता.

चिनी तुर्कस्तानच्या मोहिमेवरून परतताना, १९२९ मध्ये, ते तिएनशान पर्वत ओलांडून अल्मा-आता येथे उतरले. हेच आजच्या कझाकस्तानातील अल्माटी. गावाच्या नावातच सफरचंद आहे. भोवतालच्या डोंगरउतारांवर त्यांना रानटी सफरचंदांची अरण्ये दिसली. तुरळक झाडे नव्हेत, अरण्ये. एका झाडाचे फळ गोटीएवढे तर दुसऱ्याचे बागेतल्या फळाच्या तोडीचे. कुठे पिवळे, कुठे लालबुंद, कुठे आंबट, कुठे मधासारखे. एवढे वैविध्य जेथे एकवटले आहे तेथेच सफरचंदाचा उगम असला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. हा तर्क निव्वळ डोळ्यांच्या आणि नकाशाच्या आधारावर केलेला होता. २०१० मध्ये सफरचंदाच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले, तेव्हा बागेतल्या सफरचंदाचा मुख्य पूर्वज मध्य आशियातील हे रानझाडच असल्याचे सिद्ध झाले. युरोपच्या वाटेवर त्यात तेथील रानटी सफरचंदाचेही रक्त मिसळले, हे नंतरच्या अभ्यासातून कळले. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, स्कॅबच्या बुरशीचे माहेरदेखील मध्य आशियाच असावे असा तिच्या जनुकांच्या अभ्यासाचा निर्वाळा आहे. फळ आणि रोग एकाच डोंगरात वाढले आणि व्यापारी मार्गांनी बरोबरच जगभर गेले. प्रतिकार कोठे शोधावा, याचे वाविलोव यांनी १९१९ मध्ये दिलेले उत्तर येथे तंतोतंत लागू पडते.

परंतु ज्या वर्षी ते अल्मा-आतात पोचले त्याच वर्षी त्यांच्या देशात सामुदायिक शेतीची सक्ती जोराने सुरू झाली. पुढची कथा आपण इतिहासात वाचतो. धान्य घटले, आणि १९३२-३३ मध्ये लाखो माणसे उपासमारीने मेली. राज्यकर्त्यांना चूक धोरणात शोधायची नव्हती. ती बियाण्यात आणि शास्त्रज्ञांत शोधणे सोयीचे होते. १९३१ मध्येच सरकारने फर्मान काढले होते की, नवी वाणे दहा-बारा वर्षांत नव्हे तर चार-पाच वर्षांत तयार झाली पाहिजेत. पंचवार्षिक योजनेचा आग्रह अर्थशास्त्राचा विद्यार्थी समजू शकतो. पोलादाच्या कारखान्याला मजूर आणि यंत्रे दुप्पट पुरवली तर तो कदाचित निम्म्या काळात उभा राहील. गव्हाच्या पिढीला किंवा सफरचंदाच्या रोपाला असे घाईत आणता येत नाही, ही साधी गोष्ट मात्र त्या नियोजनात बसत नव्हती.

ही घाई त्रोफिम लिसेंको यांनी ओळखली. बी थंडीत ठेवून पीक लवकर आणण्याच्या एका पद्धतीवरून ते प्रसिद्धीस आले. सुरुवातीच्या काळात खुद्द वाविलोव यांनी त्यांना उत्तेजन दिले. शेतकऱ्याच्या घरातून आलेला हुशार तरुण म्हणून त्यांचे कौतुक झाले. वाविलोव यांच्या चरित्रातील ही उणी बाजू आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. प्रयोगांत पुरेसे पुरावे नाहीत हे दिसत असूनही त्यांनी बराच काळ सौम्य भूमिका घेतली, सर्वांना सांभाळून घेतले. लिसेंको मात्र सांभाळून घेणारे नव्हते. जनुक ही कल्पनाच भ्रामक आहे, परिस्थिती बदलली की वनस्पतीचा वंश बदलतो, आणि अडीच वर्षांत नवी वाणे देता येतात, असे ते सांगू लागले. सत्तेला हवे होते तेच हे उत्तर होते.

या वादात एका फळबागाईतदाराचे नाव ओढले गेले, त्याचीही कथा नमूद करण्यासारखी आहे. इवान मिचुरिन हे कोझलोव गावचे स्वयंशिक्षित बागवान. थंडीत टिकणारी सफरचंदे निपजवण्यात त्यांनी हयात घालवली होती. १९२० मध्ये त्यांच्या बागेला भेट देऊन त्या कामाकडे सरकारचे लक्ष वेधणाऱ्यांत वाविलोव प्रमुख होते. मिचुरिन १९३५ मध्ये वारले. त्यांच्या पश्चात त्यांच्या नावाचा झेंडा लिसेंको पक्षाने हाती घेतला, आणि त्यांना उजेडात आणणाऱ्या वाविलोव यांनाच मिचुरिनचे विरोधक ठरवले गेले. गेलेल्या माणसाचे नाव वापरणे नेहमीच सोपे असते!

१९३५ मध्ये वाविलोव यांचे कृषी अकादमीचे अध्यक्षपद गेले. १९३८ मध्ये ते लिसेंको यांना मिळाले. मॉस्कोत १९३७ मध्ये भरावयाची आंतरराष्ट्रीय आनुवंशिकी परिषद रद्द झाली. ती १९३९ मध्ये एडिंबरोला भरली. तिचे अध्यक्ष म्हणून वाविलोव यांची निवड झाली होती, पण त्यांना देशाबाहेर जाऊ दिले गेले नाही. सहकारी एकामागून एक पकडले जात होते. आता मात्र ते मागे हटले नाहीत. जनुकशास्त्र खरे आहे हे त्यांनी उघड सभांतून ठामपणे मांडले. परिणाम काय होणार याची त्यांना कल्पना नव्हती असे मानता येत नाही. ६ ऑगस्ट १९४० रोजी पश्चिम युक्रेनमध्ये चेर्नोवत्सी परिसरात गवत-गव्हाचे नमुने गोळा करीत असताना त्यांना अटक झाली. अकरा महिने रात्रंदिवस चौकशी चालली. शेती बुडवण्याचा कट आणि परकीयांसाठी हेरगिरी हे आरोप ठेवण्यात आले, आणि जुलै १९४१ मध्ये काही मिनिटांच्या सुनावणीत मृत्युदंड दिला गेला. पुढे तो वीस वर्षांच्या कैदेत बदलला. जर्मन फौजा मॉस्कोकडे सरकत होत्या, तेव्हा कैद्यांना सारातोवला हलवले गेले. ज्या शहरात त्यांनी आपला नियम मांडला होता त्याच शहरात. तुरुंगात त्यांनी जागतिक शेतीच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला. त्याचे हस्तलिखित राहिले नाही. २६ जानेवारी १९४३ रोजी उपासमारीने खंगून त्यांचा अंत झाला. त्याच्या आदल्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना परदेशी सदस्य म्हणून निवडले होते. भाऊ सेर्गेई १९४५ मध्ये स्टालिनच्याच राजवटीत सोव्हिएत विज्ञान अकादमीचा अध्यक्ष झाला. त्या पदावर बसताना त्याच्या मनाचे काय झाले असेल, याचा विचार करवत नाही.

त्याच काळात लेनिनग्राड वेढ्यात होते. संस्थेच्या इमारतीत टनावारी धान्य, शेंगा आणि बटाटे होते, आणि भोवती माणसे रस्त्यात मरून पडत होती. पावलोव्स्कच्या प्रयोगक्षेत्रावरील बटाट्यांचे नमुने तोफांच्या माऱ्यात खणून शहरात आणले गेले. संस्थेतील लोक आळीपाळीने पहारा करीत, उंदरांपासून आणि थंडीपासून बियाणे राखीत. भुईमुगाच्या संग्रहाचे राखणदार अलेक्सांद्र श्चुकिन कामाच्या मेजावरच गेले. भाताचे अभ्यासक दिमित्री इवानोव गेले, तेव्हा त्यांच्या दालनात हजारो पुड्या भात शाबूत होता. आपला प्रमुख जिवंत आहे की नाही हेही या मंडळींना ठाऊक नव्हते. एखाद्या राष्ट्राने जे भांडवल म्हणून मोजलेच नव्हते, ते राखण्यासाठी पगारदार नोकरांनी जीव द्यावा, याला कोणत्याही अर्थशास्त्रात स्पष्टीकरण नाही.

वाविलोव यांना १९५५ मध्ये निर्दोष ठरवण्यात आले. लिसेंको यांचा अंमल मात्र पुढे आणखी दहा वर्षे चालला.

तिकडे अमेरिकेत सफरचंदाचे काम आपल्या गतीने चालू होते. १९१४ मध्ये इलिनॉय येथे चार्ल्स क्रँडल यांनी एका शोभेच्या रानसफरचंदाशी बागेतल्या वाणाचा संकर केला. त्याच्या वंशजांवर स्कॅब पडत नाही हे चाळिशीच्या दशकात लक्षात आले, तीन विद्यापीठे एकत्र आली, आणि 'प्रिमा' नावाचे पहिले प्रतिकारक्षम वाण बाजारात आले ते १९७० साली. छप्पन वर्षे! म्हणजे पंचवार्षिक योजनांच्या भाषेत अकरा योजना. दुसरे एक प्रतिकारक जनुक ज्या रोपात सापडले ते मूळचे रशियन होते. परंतु प्रिमानंतर निघालेल्या बहुतेक वाणांत तेच एक जनुक घातले गेले, आणि १९८८ मध्ये जर्मनीत आरेन्सबुर्ग येथे त्यालाही भेदणारी बुरशी आढळली. एका कुलुपावर सर्व घरांची भिस्त ठेवल्याचा हा परिणाम. तेव्हापासून एकाच झाडात दोन-तीन निरनिराळी प्रतिकारक जनुके एकत्र आणण्याचा प्रयत्न चालू आहे, आणि त्यासाठी पुन्हा रानाकडेच जावे लागले. १९८९ ते १९९६ या काळात अमेरिकन शास्त्रज्ञ कझाक सहकाऱ्यांबरोबर अल्मा-आताच्या डोंगरांतून हजारो बिया घेऊन गेले. त्यांपासून न्यूयॉर्क राज्यात जिनिव्हा येथे जी रोपे वाढवली, त्यांत स्कॅबला दाद न देणारी पुष्कळ निघाली.

आपल्याकडे हा प्रश्न दूरचा नाही. हिमाचलात कोटगढ येथे सॅम्युएल स्टोक्स यांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकन 'डेलिशस' सफरचंद आणले आणि त्यावर एका प्रांताचे अर्थकारण उभे राहिले. काश्मीरमध्ये १९७३ साली आणि हिमाचलात १९८३ साली स्कॅबची मोठी साथ आली, तेव्हा डोंगरामागून डोंगर एकाच घराण्याच्या कलमांनी भरलेले होते.

वाविलोव यांनी १९२६ मध्ये स्थापलेले पावलोव्स्कचे प्रयोगक्षेत्र लेनिनग्राडजवळ, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गजवळ, अजून आहे. तेथे फळझाडांचा आणि बेरींचा मोठा संग्रह आहे. हा संग्रह बियांच्या पुड्यांत ठेवता येत नाही. झाडे जिवंत उभीच राखावी लागतात आणि त्यांना जमीन लागते. शहर वाढत त्या जमिनीपर्यंत येऊन पोचले. २०१० मध्ये तेथील भूखंड घरबांधणीसाठी देण्यास न्यायालयाने अनुमती दिली. जगभरच्या शास्त्रज्ञांनी रशियन सरकारला पत्रे पाठवली आणि लिलाव लांबणीवर पडला. २०१२ मध्ये हे हस्तांतरण थांबवण्यात आले.